बाग नसलेले पार्क

मुंबईत कुणी ‘मी पार्कात राहतो’ म्हणाले, तर ऐकणाऱ्याला त्यात वावगे काही वाटत नाही. बोलणारा बाकड्यावर पथारी टाकणारा नाही, दादर पश्चिमेच्या शिवाजी पार्काभोवती ज्या बैठ्या अंगाच्या इमारती आहेत त्यांतल्या एकीत राहणारा आहे, आणि बहुधा त्याला त्याचा थोडा अभिमानही आहे, एवढे सगळे त्या एका सप्तमीच्या प्रत्ययातून कळते. ओव्हल मैदानासमोर राहणारा ‘मी ओव्हलात राहतो’ असे म्हणत नाही. राणीच्या बागेला लागून ज्यांची उभी हयात गेली तेही ‘बागेत राहतो’ म्हणत नाहीत. म्हटले तर लोक हसतील. शिवाजी पार्क मात्र एकाच वेळी मैदानाचे नाव आहे, वस्तीचे आहे, आणि एका विशिष्ट मराठी जगण्याचेही आहे.

यातल्या तिसऱ्या अर्थावर मराठीत पुष्कळ लिहून झाले आहे. दिवाळी अंकांतून, पुरवण्यांतून, स्मरणिकांतून ते वर्षानुवर्षे येते आणि आपण ते आवडीने वाचतो. माझा प्रश्न पहिल्या अर्थाविषयी आहे. पार्क म्हणावे असे तिथे आहे तरी काय? हिरवळीचा गालिचा नाही, फुलांचे ताटवे नाहीत, तळे नाही, वळणावळणाच्या पायवाटा नाहीत. मधोमध उन्हात पडलेली मोठी उघडी जमीन, तिच्यावर क्रिकेटच्या खेळपट्ट्या आणि जाळ्या, कडेने झाडे आणि या सगळ्याला वेढून असलेला गुडघ्याएवढ्या उंचीचा कट्टा. बाग म्हणून दाखवायचे तर कोपऱ्यातली मुलांची खेळायची जागा आणि आजी-आजोबांसाठीचा नाना-नानी पार्क. म्हणजे पार्काच्या आत पुन्हा ‘पार्क’ करावे लागले आहे! नावात आणि वस्तूत एवढे अंतर असताना ते कुणाला खुपत नाही, याचा अर्थ या जागेचे काम बागेपेक्षा वेगळे काही आहे. ते काय, आणि ते सांगायला आपण का टाळतो, हे पाहावे म्हणून हा लेख.

सुरुवात नेहमीप्रमाणे प्लेगपासून करावी लागते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि त्याने शहराची दाटी सरकारच्या डोळ्यांवर आणली. १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. गिरगाव-भुलेश्वराच्या गर्दीतून समुद्राचा वारा आत यावा म्हणून रुंद रस्ते काढायचे आणि उत्तरेकडच्या मोकळ्या जमिनींवर नव्या, आखीव वस्त्या वसवायच्या, असे त्याचे दुहेरी धोरण होते. पहिल्या कामातून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड निघाले. दुसऱ्यातून दादर, माटुंगा, वडाळा, शीव. भातखाचरे, नारळाच्या वाड्या आणि ताडा-माडांची बने असलेला हा मुलूख महापालिकेच्या हद्दीतच होता, तरी ट्रस्टच्या भाषेत ते ‘उपनगर’ होते. आज उपनगर म्हटले की आपण वांद्र्यापलीकडचे समजतो आणि दादरकर स्वतःला शहराच्या मध्यभागी मानतो. पण शिवाजी पार्क समजायचे असेल तर ते शहराबाहेर जायला निघालेल्या माणसांसाठी केलेली जागा होती, हे आधी लक्षात ठेवले पाहिजे.

ही माणसे चाळींतून आली. निखिल राव यांनी १८९८ ते १९६४ या काळातल्या मुंबईच्या उपनगरी फ्लॅट-जीवनाचा जो इतिहास २०१३ साली इंग्रजीत लिहिला, त्याचे नावच ‘घर आहे, पण बाग नाही’ अशा अर्थाचे आहे. इंग्रजी उपनगराच्या कल्पनेत स्वतंत्र घर, भोवती कुंपण आणि आपापली बाग असते. मुंबईच्या मध्यमवर्गाने उपनगर घेतले, बंगला आणि बाग मात्र सोडून दिली. त्याऐवजी त्याने काय मिळवले? स्वतःचा दरवाजा, स्वतःचे स्वयंपाकघर आणि घराच्या आतला संडास. शेवटची गोष्ट विनोदाची वाटेल, पण सोवळ्या-ओवळ्याच्या कल्पना बाळगणाऱ्या घरांनी संडास आत घ्यायला तयार होणे हा या शहराच्या सामाजिक इतिहासातला मोठा टप्पा आहे, आणि रावांनी त्याला योग्य ते वजन दिले आहे. घर असे आत वळले, दाराला कडी लागली. चाळीच्या गॅलरीत जे आपोआप होत असे (येता-जाता बोलणे, भांडण ऐकणे, कुणाचा मुलगा कुणाबरोबर दिसला याची नोंद ठेवणे) ते फ्लॅटमध्ये होईना. माझे म्हणणे असे की चाळीने गमावलेली गॅलरी शिवाजी पार्कात कट्टा होऊन परत आली.

या कट्ट्याची आतल्या बाजूने लांबी सुमारे १.१७ किलोमीटर भरते. त्याच्या आत सुमारे २८ एकर जमीन आहे. अठ्ठावीस एकर ही जागा म्हटली तर प्रचंड नाही, पण एका टोकाला उभे राहून दुसऱ्या टोकाचा ओळखीचा माणूस चालीवरून ओळखता यावा आणि चेहरा मात्र दिसू नये, एवढी मोठी आहे. कट्ट्याची खरी करामत त्याच्या उंचीत आहे. तो थोडा उंच असता तर भिंत झाला असता. मग आतले आणि बाहेरचे असे दोन भाग पडले असते, फाटकाला वेळा लागल्या असत्या. थोडा बुटका असता तर नुसती फरसबंदीची कड. आहे त्या उंचीवर तो बसायला बरोबर आहे, ओलांडायला सोपा आहे, आणि त्यावर बसलेल्याने तोंड कुठे करावे याची त्याच्यावर सक्ती नाही. मैदानाकडे तोंड केले तर तुम्ही प्रेक्षक. रस्त्याकडे केले तर तुम्हीच नाटकात. सकाळी आतून चालणाऱ्यांची फेरी, दुपारी डबा खाणारे फिरते विक्रेते, संध्याकाळी कॉलेजची पोरे, रात्री निवृत्तांचे राजकारण. एकाच दगडी ओळीवर दिवसभरात चार वेगळी शहरे बसून उठतात. बाकड्यावर तीन माणसे बसली की ते भरते. कट्टा भरत नाही, सगळे थोडे सरकतात.

कट्ट्याबाहेर गोल रस्ता आणि त्या रस्त्यापलीकडे इमारती. पार्क खुले झाल्यानंतरच्या पंधरा-वीस वर्षांत त्या उठल्या. गोलसर सज्जे, खिडक्यांवरचे पट्ट्यासारखे छज्जे, दर्शनी भागावर चुन्यात काढलेली घराची नावे, ही त्या काळची मुंबईची नवी चाल. पण सज्जांपेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे या इमारती उंचीने एकमेकींना जुळवून घेत उभ्या राहिल्या. त्यामुळे मैदानाला जणू एक बैठा काठ मिळाला. आकाश कुठे तुटले नाही. उद्यानाच्या कडेने घरांसाठी भूखंड विकायचे आणि त्या घरांना समोरच्या मोकळ्या जागेची किंमत येऊ द्यायची, ही युक्ती मुंबईची नव्हे. लिव्हरपूलच्या पैलतीरावर बर्कनहेड येथे १८४७ साली जे सार्वजनिक उद्यान खुले झाले, जोसेफ पॅक्स्टनने आखलेले, त्याच्याभोवतीही असेच भूखंड काढले होते. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा एक शिल्पकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड ते १८५० साली पाहून भारावून गेला होता. पण तिकडे मधल्या भागात तळी, टेकड्या, झाडी. सारा निसर्ग पुन्हा नव्याने रचलेला. आपल्याकडे मधला भाग रिकामा ठेवला.

हा रिकामेपणा दक्षिण मुंबईच्या मैदानांसारखाही नाही. ओव्हल, क्रॉस, आझाद ही मैदाने म्हणजे किल्ल्यासमोर तोफांच्या माऱ्यासाठी मोकळ्या ठेवलेल्या एस्प्लनेडचे उरलेले तुकडे. युद्धाच्या भीतीतून ती राहिली. शिवाजी पार्क रोगाच्या भीतीतून आले. जवळच माटुंग्याला, दादर पारशी कॉलनीतल्या पाच बागांशी तुलना केली तर फरक अधिक स्पष्ट होतो. तिथे मंचरजी जोशी यांच्या दृष्टीतून वसलेल्या कॉलनीत मोकळी जागा पाच पाकळ्यांत वाटली आहे आणि झाडांनी भरली आहे. देखणी आहे, शांत आहे. पण तिथे सभा भरू शकत नाही. मोकळी जागा तुकड्यांत वाटली की ती शेजाऱ्यांची होते. एकसंध ठेवली की ती कुणाचीही होऊ शकते, आणि शिवाजी पार्काचे सगळे वैभव आणि सगळी भांडणे या एका ‘कुणाचीही’मधून निघालेली आहेत.

आता नावाकडे. १९२५ साली महापालिकेने हे मैदान लोकांना खुले केले तेव्हा त्याचे नाव माहीम पार्क होते. १९२७ साली, शिवजन्माच्या त्रिशताब्दीच्या वर्षी, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहावरून ते शिवाजी पार्क झाले. इथे दोन गोष्टींपाशी थांबावेसे वाटते. एक म्हणजे अवंतिकाबाई स्वतः. चंपारण्यात गांधींबरोबर काम केलेली, गांधींचे मराठी चरित्र १९१८ साली लिहिणारी ही बाई. त्या चरित्राला प्रस्तावना टिळकांची होती. पुढे ज्या नावाभोवती इतकी आक्रमक भाषणे झाली, ते नाव या जागेला एका सूत कातणाऱ्या गांधीवादी स्त्रीने मिळवून दिले, हे पार्काच्या लोकप्रिय गोष्टीत क्वचितच येते. दुसरी गोष्ट सनाची. १९२७ ही त्रिशताब्दी १६२७ हे जन्मवर्ष धरून होती. आज राज्य शासन १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मानते. म्हणजे पार्काच्या नामकरणाच्या तळाशी इतिहासाने नंतर बाजूला ठेवलेले एक साल आहे. यात कुणाची चूक काढायची नाही. उलट मला ते आवडते. नाव खरे ठरायला तारीख बरोबर असावीच लागते असे नाही.

१९६६ साली लोकवर्गणीतून पश्चिमेच्या कडेला महाराजांचा अश्वारूढ पुतळा बसला. तलवार उपसलेली नाही. हात पुढे करून दिशा दाखवणारा हा पुतळा आहे. त्याच वर्षी शिवसेनेची स्थापना झाली, ऑक्टोबरात तिचा पहिला मोठा मेळावा याच मैदानावर झाला, आणि त्या पक्षाच्या भाषेत हे मैदान ‘शिवतीर्थ’ झाले. त्याआधी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आचार्य अत्र्यांच्या सभांनी ते गाजले होतेच. २०२० साली अधिकृत नाव ‘छत्रपती शिवाजी महाराज पार्क’ असे लांबले. माहीम पार्क हे भूगोलाचे नाव, शिवाजी पार्क स्मरणाचे, शिवतीर्थ श्रद्धेचे. आणि २०२० चे नाव आदराचे, किंवा आदर कमी पडला अशी शंका कुणी घेऊ नये याच्या काळजीचे. बोलताना सगळे अजून ‘पार्क’च म्हणतात.

या सगळ्याची गोष्ट कशी सांगितली जाते? ठरलेला साचा आहे. लेखक लहानपणी कट्ट्यावर बसतो. मैदानात एक किरकोळ अंगाचा मुलगा जाळीत फलंदाजी करीत असतो, आणि रमाकांत आचरेकर सर स्टंपवर नाणे ठेवतात. समोरच्या इमारतीतून एक संगीतकार खाली येतो, पलीकडून एक नट. मग अजित वाडेकर, संदीप पाटील, सचिन, कांबळी अशी नामावळी, मग अत्रे, मग ‘आता ते पार्क राहिले नाही’. मी स्वतः कल्याणच्या बाजूने गाडी बदलून दादरला येणारा. पार्कात राहणारा नव्हे. त्यामुळे हे लेख वाचताना खिडकीबाहेरून लग्न पाहिल्यासारखे वाटत आले आहे. मजा येते, पण पंगत आपली नाही. साच्यातली अडचण मात्र माझ्या असूयेपेक्षा मोठी आहे. मोठी माणसे तिथे राहिली म्हणून पार्क मोठे, असा कार्यकारणभाव त्यात गृहीत असतो. तो उलटा करून पाहायला हवा. अनेक क्लबांच्या जाळ्या एकमेकींना खेटून असलेल्या, मधे भिंत नसलेल्या मैदानावर एक मुलगा सकाळी एका संघाकडून आणि दुपारी दुसऱ्याकडून खेळू शकतो, एकाच दिवसात अनेक डाव खेळू शकतो. जवळच काका-काकूंकडे राहायची सोय झाली की शाळेनंतर प्रवासात वेळ जात नाही. सचिन तेंडुलकर घडण्यात प्रतिभा होती, गुरू होते, आणि ही जागाही होती. समर्थ व्यायाम मंदिराने याच मैदानावर २०१९ च्या फेब्रुवारीत मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा भरवली. त्या खांबाभोवती वाढलेल्या मुलामुलींचे लेख मात्र मला फारसे वाचायला मिळालेले नाहीत. प्रसिद्धीचा उजेड मैदानावरही सारखा पडत नाही.

शांता गोखले यांचे ‘शिवाजी पार्क : दादर २८’ हे २०२० सालचे इंग्रजी पुस्तक या साच्याला मोठा अपवाद आहे. इतिहास, ठिकाणे, माणसे असा त्याचा व्याप उपशीर्षकातच सांगितला आहे. स्वतः त्या वस्तीत आयुष्य काढलेल्या, मराठी कादंबरीकार म्हणून आपल्याला परिचित असलेल्या लेखिकेने हे पुस्तक इंग्रजीत लिहावे आणि मराठीत त्या तोडीचा ग्रंथ नसावा, याची रुखरुख वाटते. मराठीचा बालेकिल्ला म्हणून जिचा उच्चार होतो त्या वस्तीचा नीट इतिहास वाचायला मराठी वाचकाने दुसऱ्या भाषेकडे जावे! आपण आठवणी लिहितो. इतिहास लिहायचे दुसऱ्यावर सोपवतो.

आठवणींच्या लेखनात न मावणारी गोष्ट म्हणजे गर्दी. २०१० साली रहिवाशांच्या एका संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने शिवाजी पार्क शांतता क्षेत्र ठरवले. खेळाबाहेरच्या कार्यक्रमांना अपवाद ठेवले ते २६ जानेवारी, १ मे आणि ६ डिसेंबर या तीन दिवसांचे. त्यानंतर दसरा मेळाव्याची परवानगी हा दरवर्षीचा न्यायालयीन विषय झाला. २०१६ साली राज्य सरकारने खेळाव्यतिरिक्तच्या वापरासाठी वर्षाला ४५ दिवसांची मुभा देणारी तरतूद केली. २०२२ साली एकाच पक्षाच्या दोन गटांनी एकाच मैदानावर हक्क सांगितला. उच्च न्यायालयाने सप्टेंबरात उद्धव ठाकरे गटाला परवानगी दिली आणि दुसरा गट वांद्रे-कुर्ला संकुलात गेला. एका रिकाम्या जमिनीवर बोलायला मिळणे म्हणजे पक्षाचा वारसा मिळणे, असा अर्थ त्या भांडणाला आला होता.

याचिका करणाऱ्या रहिवाशांना नावे ठेवणे सोपे आहे, मी ठेवणार नाही. घराच्या खिडकीपासून काही पावलांवर भोंगे लागले की घरातल्या आजाऱ्याचे काय होते ते ज्याला भोगावे लागते त्यालाच कळते. आणि खेळाचे मैदान खेळासाठी राहावे ही मागणी मुळात मुलांच्या बाजूची आहे. पण त्या चर्चेत ‘गर्दी’ हा एकच शब्द सगळ्या गर्द्यांना लावला जात होता, आणि प्रत्यक्षात सर्व गर्द्या सारख्या मानल्या जात नव्हत्या. सभेच्या गर्दीबद्दल तक्रार आवाजाची असे. ६ डिसेंबरच्या गर्दीबद्दल बोलताना मात्र शब्द बदलत. ‘घाण’ हा शब्द येई. दादरच्या सभ्य घरांतून ‘त्या दिवशी बाहेर पडायचे नाही’, ‘दोन दिवस गावाला जाऊन येतो’ ही वाक्ये मी चहा घेता घेता ऐकली आहेत, आणि ती बोलणारी माणसे एरवी उदार, वाचणारी, आपल्यासारखीच असत. शहरातल्या जत्रेबद्दल, गणपतीच्या रांगेबद्दल तीच माणसे असे बोलत नव्हती.

बाबासाहेब आंबेडकर १९५६ च्या ६ डिसेंबरला दिल्लीत गेले आणि दुसऱ्या दिवशी दादरच्या चौपाटीवर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. १९७१ साली तिथे चैत्यभूमीचा स्तूप उभा राहिला. दरवर्षी राज्याच्या आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून लाखो माणसे येतात. चौपाटी चिंचोळी, म्हणून त्यांचा मुक्काम शिवाजी पार्कात असतो. महापालिका मांडव, पाण्याचे टँकर, फिरते संडास, दवाखाना यांची सोय करते. त्या दोन-तीन दिवसांत पार्काला ओळीने पुस्तकांची दुकाने लागतात. आंबेडकरांचे लेखन आणि भाषणे, फुले, बुद्ध, कबीर. दलित कवींचे संग्रह, आत्मकथने, पाच-दहा रुपयांच्या पुस्तिका, दिनदर्शिका, भीमगीतांच्या ध्वनिफिती एके काळी आणि आता पेनड्राइव्ह. खेड्यातून आलेली बाई एक भाकरीचे गाठोडे आणि चार पुस्तके घेऊन परत जाते. साहित्य संमेलनातल्या ग्रंथप्रदर्शनाची आपण किती कौतुके करतो! इथे व्यासपीठ नाही, उद्घाटक नाही, ठराव नाहीत. पुस्तक घ्यायला पैसे साठवून आलेले वाचक आहेत. शिवाजी पार्कच्या सांस्कृतिक वैभवावरच्या लेखांत या ग्रंथबाजाराला एखादे वाक्य मिळाले तरी पुष्कळ. ‘मराठी संस्कृतीचे माहेरघर’ म्हणताना ज्या दिवशी तिथे मराठी पुस्तके हातोहात खपतात तोच दिवस आपण हिशोबातून वगळतो, यापेक्षा मोठा पुरावा साच्याच्या अपुरेपणाला हवा कशाला?

न्यायालयाने अपवाद केलेल्या तीन दिवसांत ६ डिसेंबर आहे, हे म्हणून मला त्या निकालातले महत्त्वाचे वाटते. दोन दिवस शासनाच्या संचलनाचे आहेत; तिसरा लोकांनी स्वतः पाडलेल्या प्रथेचा आहे.

मैदानाला धोका आहे तो निराळ्या दिशेने. २०१२ साली १८ नोव्हेंबरला बाळासाहेब ठाकरे यांचा अंत्यविधी पार्कात झाला. त्यानंतर त्या जागी स्मृतिस्थळ झाले. मोठ्या स्मारकासाठी शेजारचा महापौर बंगला देण्यात आला. २०२२ च्या ६ फेब्रुवारीला लता मंगेशकरांवर इथेच अंत्यसंस्कार झाले आणि लगेच स्मारकाची मागणी आली. मैदान मोकळे राहू द्या असे म्हणणारेही पुढे आले, आणि अखेर मंगेशकर कुटुंबीयांनीच आपली तशी इच्छा नसल्याचे सांगून तो वाद मिटवला. २०२४ च्या डिसेंबरात पाच क्रमांकाच्या फाटकाशी आचरेकर सरांचे स्मारक झाले. यातले एकेक पाहिले तर तक्रार करायला जागा नाही. आचरेकरांचे स्मारक तिथे नाही तर कुठे करायचे? प्रत्येक वस्तू छोटी, योग्य, भावनेतून आलेली. पण गणेश मंदिर, जिमखाना, स्काउटांची जागा, बंगाल क्लब, व्यायाम मंदिर, बालोद्यान हे काठाकाठाने आधीच बसलेले आहेत आणि रिकामेपणाच्या बाजूने कुणी वर्गणी काढत नाही. एखाद्या जागेला स्मारक करता येते, रिकाम्या जागेला कोनशिला बसवता येत नाही; बसवली की ती रिकामी राहत नाही.

धुळीचे दुखणे वेगळेच. मैदानावर टाकलेली लाल माती हिवाळ्या-उन्हाळ्यात उडते, घराघरांत शिरते. रहिवाशांनी वर्षानुवर्षे तक्रारी केल्या; महापालिकेने पाणी मारणे, पावसाचे पाणी जिरवण्यासाठी विहिरी, गवत लावणे असे प्रयोग केले. गवत लावले की ते जपायला माणसांना अडवावे लागते, आणि अडवले की ते मैदान राहत नाही. बाग हवी की मैदान, या जुन्या प्रश्नाला धुळीने पुन्हा तोंड फोडले आहे. माझे मत विचाराल तर थोडी धूळ सोसावी. पण मी तिथे राहत नाही, हे वर सांगितलेच आहे.

राहणाऱ्यांची कोंडी २०१२ साली उघडी पडली. वारसा यादीच्या मसुद्यात हा परिसर आला तेव्हा पुनर्विकास अडेल म्हणून अनेक रहिवाशांनी कडाडून विरोध केला आणि राजकीय पक्ष त्यांच्या पाठीशी उभे राहिले. गळणारी गच्ची, लिफ्ट नसलेले तीन जिने आणि गुडघे धरलेले आईवडील ज्यांच्या घरात आहेत त्यांना गोल सज्जाचे सौंदर्य सांगणे क्रूरपणाचे आहे, हे मला मान्य आहे. पण इमारती एकेक करून उंच होऊ लागल्या की मैदानाचा तो बैठा काठ मोडतो. पार्कावर प्रेम करणारी माणसेच पार्काचा आकार मोडायला मत देतात, आणि त्यांची कारणे खरी असतात. या प्रकरणात खलनायक शोधून सापडत नाही; सापडला असता तर लेख सोपा झाला असता.

एक पाटी राहिली. मैदानाला लागून जो रस्ता जातो त्याचे नाव केळुसकर मार्ग. ‘केळुसकर रोडवर ये’ असे हजारो वेळा म्हणणाऱ्यांना हे केळुसकर कोण ते विचारून पाहावे. मी विचारले आहे, बहुतेकांनी एखादे जुने नगरसेवक असतील असे सांगितले. कृष्णराव अर्जुन केळुसकर विल्सन हायस्कुलात शिक्षक होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी शिवाजी महाराजांचे विस्तृत मराठी चरित्र लिहिले, साधने तपासून, पदरमोड करून. त्याआधी त्यांनी गौतम बुद्धाचे चरित्र लिहिले होते. भीमराव आंबेडकर नावाचा मुलगा परीक्षा पास झाला तेव्हा त्याच्या सत्काराच्या सभेत केळुसकरांनी आपले बुद्धचरित्र त्याला भेट दिले, आणि पुढे सयाजीराव गायकवाडांकडून त्याला शिष्यवृत्ती मिळावी म्हणून खटपट केली. बुद्धाकडे आपण वळलो त्याची सुरुवात त्या पुस्तकापासून झाली, असे आंबेडकरांनी स्वतः नोंदवून ठेवले आहे.

शिवचरित्र लिहिणाऱ्याच्या रस्त्यावरून ६ डिसेंबरची रांग चैत्यभूमीकडे जाते. गेल्या वर्षी त्या रस्त्यावर एका मांडवात मी केळुसकरांच्या बुद्धचरित्राची प्रत मागितली. विक्रेत्याने खोक्यात हात घालून पाहिले, मग शेजारच्याला विचारले, आणि म्हणाला, सकाळीच संपली दादा, उद्या या, मागवून ठेवतो.